गच्चीवर चपला बंद

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकदा बिबट्या शिरला होता. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणाला पाठ लावून राहणाऱ्यांना बिबट्याचं काही अप्रूप नसतं. पण ह्या बिबट्याने पंजाने तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं होतं आणि लिफ्ट थांबल्यावर बाईमाणसाला आधी बाहेर पडू दिलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे सांगताना पाहिलं. ही हकीकत मी इतकी वर्षं सांगतोय की बिबट्या आता सातव्या मजल्यावर पोचलाय. त्याच्यावर फक्त गच्ची.

हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या अशाच एका थापेचा हात आहे. त्यात मात्र मी काही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच उरली नव्हती.

माझे वडील माझ्या बरोब्बर उलट. मूळचे कुडाळकडचे, कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, पंचवीस वर्षं, गिरणी गेल्यावर कांदिवलीच्या एका शाळेत शिपाई. बोलणं इतकं मोजकं की बाबा 'बरा' म्हणाले की आम्ही समजायचो, आज भाषण झालं. वीस वर्षं त्यांना डायबेटिस. दर तीन महिन्यांनी एका मंगळवारी त्यांना मी रिक्षाने महापालिकेच्या हॉस्पिटलात न्यायचो. तिथे मंगळवारी शुगरवाल्यांची ओपीडी असायची. आधी डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघून गोळ्या लिहून द्यायचे, मग हिरव्या पडद्यामागे एक सिस्टर प्रत्येकाचे पाय तपासायची. पडद्यामागे ती नेमकं काय करते ते मला कधी कळलं नाही, कारण तेवढा वेळ मी बाहेरच्या बाकावर बिबट्या सांगत असायचो. एकदा तर एका गृहस्थांचा नंबर पुकारला गेला तरी ते उठेनात. म्हणाले, थांबा हो, लिफ्टचं दार उघडू दे आधी.

बाबा पडदा सरकवून बाहेर आले की मी विचारायचो, काय म्हणाली सिस्टर. ते म्हणायचे, "बरा." विषय संपला.

मग ते साथीचं वर्ष आलं. मार्च संपता संपता हॉस्पिटलच्या फाटकावर कापडी फलक लागला की इथे फक्त ताप, खोकला आणि दम लागणाऱ्यांनाच घेतलं जाईल. मंगळवार बंद. त्याऐवजी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. बिचारे भले माणूस, आवाजावरून दोन दिवस झोपले नसावेत. शुगर किती, विचारलं. घरच्या मशीनवर जी आली होती ती सांगितली. त्याच गोळ्या चालू ठेवा म्हणाले, आणि काकांना चालायला सांगा, चालणं बंद पडलं तर शुगर चढेल. दोन मिनिटांत फोन ठेवला. फोनवरून शुगर विचारता येते, पाय बघता येत नाहीत. हे तेव्हा ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

आता चालायचं कुठे? रस्त्यावर पोलीस, खालच्या कंपाउंडला सोसायटीने दोऱ्या बांधलेल्या. उरली गच्ची. आणि गच्चीचा राजा कोण, तर मी. सोसायटीचा सेक्रेटरी. एरवी ह्या पदाला कुत्रं विचारत नाही. पण त्या दोन-तीन महिन्यांत दुधाची पिशवी वर येणार की नाही हे सुद्धा सेक्रेटरी ठरवायचा. इतकी सत्ता मला पेलली नाही. पेलत होती असं तेव्हा वाटायचं.

मी गच्चीचं वेळापत्रक केलं. सकाळी खालचे मजले, संध्याकाळी वरचे. साठीच्या पुढच्यांना दुपारी दोन ते तीन, कारण तेव्हा वर चिटपाखरू नसतं, संसर्गाची भीती नाही. शिवाय मोबाइलवर रोज येत होतं की उन्हात विषाणू मरतो आणि ड जीवनसत्त्व मिळतं. एका दगडात तीन पक्षी. लोकांनी वाहवा केली. मी ती घेतली.

भांडण झालं पापडांवरून. एप्रिल म्हणजे गच्चीवर उडदाचे पापड, कुरडया, पहिल्या मजल्यावरच्या गुजराती काकींच्या मठियांची अख्खी चादर. त्या वर्षी बायका घरात कोंडलेल्या, त्यामुळे वाळवण इतकं की वरून विमानाला वाटलं असेल बोरीवलीत बर्फ पडला. त्यात चौथ्या मजल्यावरचा एकजण रेशनच्या रांगेतून आला तो त्याच चपलांनी थेट वर फेऱ्या मारायला. काकींच्या चादरीवर पावलांची नक्षी. काकींनी ती चादर चारही टोकांनी उचलून माझ्या दारात आणून ठेवली आणि गुजराती वळणाच्या मराठीत एवढंच म्हणाल्या, "सेक्रेटरी, हे आता तू खा."

मी नोटीस लावली: गच्चीवर चपला बंद. दाराबाहेर काढाव्यात. नोटीस कोणी वाचत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसे. तेव्हा मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. सोसायटीच्या ग्रुपवर आवाज बारीक करून रेकॉर्डिंग टाकलं की मुलुंडला एका इमारतीत एक माणूस बाहेरच्या चपला घालून गच्चीवर गेला, आणि त्या एका जोडामुळे एकोणीस बिऱ्हाडं सील झाली. त्यातला डावा पाय जास्त दोषी निघाला, असंही सांगितलं. मुलुंड मुद्दाम निवडलं होतं. बोरीवलीकराला अमेरिका जवळ, मुलुंड लांब. कोण चौकशी करणार?

झकास लागू पडलं. त्या संध्याकाळपासून गच्चीच्या दाराबाहेर चपलांची रांग. पाचव्या दिवशी घाटकोपरहून माझ्या मेव्हण्याने तीच बातमी काळजीपोटी मला पाठवली. त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत एकोणीसची चाळीस बिऱ्हाडं झाली होती आणि चपलेचा बूट झाला होता. मला, खरं सांगतो, अभिमान वाटला.

बाबा रोज दुपारी दोनला वर जायचे. चपला दाराबाहेर, डोक्यावर पंचा, चाळीस फेऱ्या. आमची गच्ची पांढऱ्या फरश्यांच्या तुकड्यांची, ती तापते पण चटका कमी. फक्त पाण्याच्या टाकीभोवती गळती थांबवायला काळ्या डांबराचा जाड पट्टा टाकलाय. टाकीच्या मागे सावली पडते म्हणून बाबा वळण तिथून घ्यायचे. तिथे पोचायचं तर तो पट्टा तुडवत जायचं. चाळीस फेऱ्या म्हणजे चाळीस वेळा. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता. बाबा उतरून आले की मी विचारायचो, तापलं असेल ना वर. ते म्हणायचे, "नाय रे. काय लागणा नाय."

लागत नव्हतं, हेच भयंकर होतं. पण हे कळायला दोन आठवडे गेले.

एका सकाळी बायको फरशी पुसत होती. तिने हाक मारली, "अहो, इकडे या जरा." मोरीपासून बाबांच्या खाटेपर्यंत फरशीवर ओलसर डाग होते, रुपयाएवढे, एकाआड एक पावलावर. मी म्हटलं, पाणी असेल. ती म्हणाली, पाणी चिकट नसतं.

बाबांना खाटेवर बसवून उजवा पाय वर घेतला. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बुडाशी कातडी फुटून बाजूला झाली होती. आत ओलं, पिवळट. कडेने काळं. वास मला तेव्हा आला. बायको म्हणाली तिला दोन दिवस येत होता, तिला वाटलं बाहेर कचऱ्याची गाडी येत नाही म्हणून. बाबा आपलाच पाय दुसऱ्याचा असल्यासारखा बघत होते. "दुखणा तर काय नाय," ते म्हणाले.

मी कपाटातून त्यांची हॉस्पिटलची फाइल काढली, फोन नंबर शोधायला. वीस वर्षांची जाडजूड फाइल, मी दर तीन महिन्यांनी काखेत मारून नेलेली, एकदाही उघडून न वाचलेली. अलीकडच्या प्रत्येक भेटीच्या कागदावर खाली सिस्टरच्या गोल अक्षरात तीच ओळ, लाल शाईने अधोरेखित: उजव्या तळव्याची संवेदना गेली आहे, डाव्याची कमी आहे. घरातसुद्धा अनवाणी चालू नये. चार वर्षांपासूनच्या प्रत्येक कागदावर. मी ते कागद एकामागून एक उलटत गेलो. बायको म्हणाली, नंबर सापडला का. मी म्हटलं, शोधतोय.

आमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याचं शटर महिनाभर खाली होतं. ते स्वतःच साठीचे, मुलाने बाहेर पडू दिलं नव्हतं. फोनवर भेटले. जखम केवढी आहे, त्यांनी विचारलं. आणि मी, जो पालीची मगर करतो, मी म्हणालो, "आहे आपली छोटीशी. एक फोडच म्हणा ना." का म्हणालो ते आजही सांगता येत नाही. मोठी म्हटली असती तर ती मोठी झाली असती, असं काहीतरी डोक्यात असावं. बायकोने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "डॉक्टर, छोटीशी नाही. माझ्या अर्ध्या तळहाताएवढी आहे. आणि काळं आहे."

ते म्हणाले, आज, आत्ता हॉस्पिटल गाठा.

रिक्षा मिळेना. सोसायटीतल्या एकाची गाडी मागितली, पोलिसांना दाखवायला डॉक्टरांच्या मेसेजचा फोटो ठेवला. आमच्या नेहमीच्या हॉस्पिटलच्या फाटकावर वॉचमन होता, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. मी पायाची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "इथे फक्त ताप. ताप आहे का?"

त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं. हो म्हणालो असतो तर फाटक उघडलं असतं. पुन्हा एक थाप अशी समोर आली होती की तिच्याने काम होणार होतं, आणि काम झालं की बाबा तापवाल्यांच्या वॉर्डात, उघड्या जखमेनिशी, एकटे. मी मागे वळून गाडीत बघितलं. बाबा मास्क नीट करत होते. मी म्हटलं, नाही, ताप नाही. वॉचमनने हात जोडले. उर्मटपणा नव्हता त्यात, तोही थकलेला.

एका खासगी नर्सिंग होमने घ्यायची तयारी दाखवली, पण नाकाचा रिपोर्ट आल्याशिवाय ऑपरेशन थिएटरमध्ये नेणार नाही म्हणाले. रिपोर्टला चार दिवस लागले. ते चार दिवस मंगळवारच्या त्या सिस्टरने तारले. फाइलच्या कव्हरवर आतल्या बाजूला तिचा नंबर लिहिलेला होता. ती स्वतः पॉझिटिव्ह निघून खोलीत बंद होती. व्हिडिओवर तिने मला ड्रेसिंग शिकवलं. मध्येच खोकल्याने वाकायची, मग पुन्हा स्क्रीनवर यायची. कडेची कातडी कापू नका, घासू नका, मिठाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या. पहिल्या दिवशी तिने फक्त एक प्रश्न विचारला, काका अनवाणी कसे काय चालले. मी म्हटलं, नेटवर्क जातंय सिस्टर.

पाचव्या दिवशी अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. तिथले सर्जन म्हणाले, आठवडाभर आधी आला असतात तर एवढं नसतं करावं लागलं. आठवडाभर आधी आम्ही कुठे येणार होतो, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्या आठवड्यात मी काय करत होतो ते मला ठाऊक होतं.

बाबा घरी आले. दिवसाआड ड्रेसिंग, ते मीच करायचो. नर्स घरात आणायची हिंमत नव्हती. जूनमध्ये एकदा पट्टी सोडताना मी सांगून टाकलं. मुलुंडला असं काहीच झालं नव्हतं. ती इमारत मी बांधली, ती चप्पल मी शिवली, बिऱ्हाडं मी सील केली. हे सगळं मान खाली घालून, जखमेशी बोलल्यासारखं बोललो.

बाबा म्हणाले, "ता माका ठाऊक होता."

मी वर बघितलं.

"तुझो बापूस मी. तू खोटा बोलतंस तेवा तुझो आवाज बारीक होता."

"मग चपला का काढल्यात? सिस्टरने लिहून दिलेलं होतं तुम्हाला. दर वेळी सांगितलं असेल."

"सांगलेला." मला वाटलं संपलं. "सेक्रेटरीचो बापूसच चपला घालून फिराक लागलो, तर लोक तुझा ऐकतले काय?"

एवढं लांब वाक्य बाबांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलेलं आठवत नाही. मी पट्टी पुन्हा बांधली. घट्ट झाली, ती सोडून परत बांधली. त्यांना विचारलं, आवळतंय का. आणि विचारल्यावर लक्षात आलं की ह्या माणसाला हे विचारून उपयोग नाही.

पुढच्या गोष्टी कोणी बातमीत दाखवल्या नाहीत, कारण त्या फार हळू झाल्या. अंगठा नसला की माणसाचा तोल जातो, हे मला माहीत नव्हतं. बाबा भिंत धरून चालायला लागले, मग कमी चालायला लागले, मग टीव्हीसमोर बसले. चालणं गेलं तशी शुगर चढली. शुगर चढली तशी नजर धूसर झाली, मूत्रपिंडाचा रिपोर्ट दर खेपेला थोडा वाईट येऊ लागला. त्यांना तो आजार झालाच नाही. अख्ख्या साथीत बाबांना साधं शिंकायला झालं नाही. सोसायटीतले लोक म्हणतात, तुमचे बाबा नशीबवान, सुटले. मी हो म्हणतो.

मंगळवार पुन्हा सुरू झाला तेव्हा बाकं तीच होती, पण माणसं कमी झालेली. जे परत आले त्यांच्यातल्या कोणाच्या हातात काठी, कोणाचा डोळा गेलेला. बिबट्याच्या लिफ्टचं दार उघडायची वाट बघणारे ते गृहस्थ चाकाच्या खुर्चीत होते. त्यांनी मला ओळखलं आणि म्हणाले, "काय, कितव्या मजल्यावर आलाय?" एका बाईंनी नवऱ्याची फाइल आणि गोळ्यांची न फोडलेली पाकिटं आणली होती, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील म्हणून. नवरा साथीने नव्हता गेला. दीड वर्ष कोणी त्याचं ब्लडप्रेशर घेतलं नव्हतं, एवढंच.

आता मी बाहेर बसत नाही. बाबांबरोबर हिरव्या पडद्याच्या आत जातो. काय चालतं ते आता बघितलंय. बरी होऊन परतलेल्या त्याच सिस्टरकडे नायलॉनचा एक ताठ धागा असतो, टूथब्रशच्या केसाएवढा. पेशंटने डोळे मिटायचे. ती तळव्यावर ठिकठिकाणी तो टेकवते आणि कळलं की 'हां' म्हणायचं. बस. फोनवरून न होणारी तपासणी ती एवढीच.

उजव्या पायावर तिने आता वेळ घालवणं सोडलंय. आमचा जीव अडकलाय तो डाव्यात. हाही गेला तर बाबा उभे राहायचे नाहीत. मागच्या मंगळवारी डाव्याच्या टाचेशी एक लालसर चट्टा होता. मला तो दिसला नव्हता. मी दर रविवारी बघतो, त्या रविवारी एका लग्नाला गेलो होतो. सिस्टरने विचारलं, किती दिवसांचा. मी म्हटलं, नऊ दिवस बघितलेला नाही. तिने तसंच लिहून घेतलं.

मग धागा काढला. बाबांनी डोळे मिटले. अंगठ्याला टेकवला. "हां." करंगळीला. "हां." चवड्यावर टेकवला, धागा वाकेपर्यंत. बाबा काही बोलले नाहीत. तिने पुन्हा टेकवला. काही नाही. तिने कागदावर फुली मारली, आणि तो कागदाचा आवाज ऐकून बाबा घाईने म्हणाले, "हां."

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. तिचा हात कागदावर होता, पायापाशी नव्हताच. बाबा डोळे मिटून, मान थोडी वर करून बसले होते, शाळेतल्या मुलाने उत्तर दिल्यासारखे. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"बाबा," मी म्हटलं, "त्यांनी अजून लावलेला नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मगे लाव म्हणान सांग तिका."

सिस्टर खाली वाकली. धागा टाचेवर, त्या लाल चट्ट्याच्या कडेला टेकला आणि हळूहळू वाकत गेला. मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. बाहेर बाकावर कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगत होतं, हसायचा आवाज येत होता. बाबा विचार करत होते.